हाताने घडवलेला कीटक मेलेला का दिसतो?

प्रश्न
पेन्सिल-तार (मिरज तालुका)

नमस्कार. मी मिरज तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो आणि गेली तीन वर्षे कीटकांच्या खऱ्या आकाराच्या प्रतिकृती हाताने तयार करत आहे. या कामाची सुरुवात शाळेच्या प्रयोगशाळेतील एका जुन्या पेटीमुळे झाली. त्या पेटीत टाचण्यांनी टोचून ठेवलेले कीटक होते. त्यांतील बहुतेकांचे पाय गळून पडले होते, चतुराचा रंग पार उडून तो मातकट झाला होता आणि काही नमुन्यांचा आतून भुगा झाला होता. नवी पेटी करण्याचा विषय निघाला, तेव्हा मुलांना पुन्हा कीटक मारून आणायला सांगणे विज्ञानाच्या बाईंना आणि मलाही पटले नाही. म्हणून प्रतिकृती करून देण्याची जबाबदारी मी घेतली.

साहित्य साधेच आहे. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी तांब्याची इनॅमल तार मी वापरतो. पायांसाठी २२ ते ३० गेजची आणि मिशांसाठी ३६ गेजची. शरीर एम-सीलमध्ये घडवतो, पंख पारदर्शक फिल्मचे करतो आणि वर ॲक्रिलिक रंग देतो. आतापर्यंत चौदा कीटक झाले आहेत. मापे मी काळजीपूर्वक घेतो आणि रंगही बऱ्यापैकी जुळतात. तरीही मागच्या आठवड्यात खंडोबाचा किडा पूर्ण करून वर्गात नेला, तेव्हा आठवीतील एका मुलीने तो निरखून पाहिला आणि विचारले, "सर, हा मेलेला आहे का?" तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, कारण मलाही तो तसाच दिसतो आणि त्याचे कारण सापडत नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. गेंड्या भुंगेऱ्याच्या पाठीला ॲक्रिलिक वार्निश दिले की ती प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी दिसते. खऱ्या भुंगेऱ्याची चमक आतून आल्यासारखी वाटते, तशी ती येत नाही. दुसरी अडचण चतुराच्या पंखांची. फिल्मवर पेनाने शिरा काढल्या की पंख सपाट, जाड आणि निर्जीव दिसतात. ज्यांनी असे काम केले आहे किंवा जे कीटकांचे नियमित निरीक्षण करतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. सांगलीच्या आसपास मुलांना घेऊन कीटक पाहायला कोठे आणि कधी जावे, हेही कळल्यास उपयोग होईल.

---

प्रतिसाद १
यवतेश्वर-वाट (सातारा)

सर, नमस्कार. आपल्या विद्यार्थिनीने फार नेमके पाहिले आहे. माझा अंदाज असा, की आपण समोर मेलेला किडा ठेवून मापे घेतली असावीत. कीटक मेला की त्याचे पाय पोटाखाली आखडतात आणि मिशा खाली झुकतात. तो नमुना जितका प्रामाणिकपणे उतरवावा, तितके त्याचे मरणही प्रतिकृतीत उतरते. मी स्वतः पहिली दोन-तीन वर्षे हीच चूक केली, म्हणून हे सांगण्याचे धाडस करते.

मापे मेलेल्या कीटकावरून किंवा टाकलेल्या कातेवरून घ्यावीत, पण ठेवण मात्र जिवंत कीटकाचीच पाहावी. कीटक चालतो तेव्हा एका बाजूचा पुढचा व मागचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मधला पाय असे तीन पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असतात आणि उरलेले तीन पुढे सरकत असतात. म्हणजे त्याचे शरीर सतत एका तिवईवर तोललेले असते. आपल्या भुंगेऱ्याचे सहाही पाय दोन्ही बाजूंना सारखेच वाकवलेले असतील, तर ती कोणत्याही चालत्या कीटकाची अवस्था नाही. तीन पायांवर भार द्या, उरलेल्या तीनपैकी एखाद्याचे पाऊल जमिनीपासून केसभर उचला आणि पाहा. हा बदल लहान आहे, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो लगेच जाणवतो. पायांचा उगम कोठून होतो, तेही तपासा. सहाही पाय वक्षाच्या तीन खंडांपासूनच निघतात. भुंगेऱ्याला वरून पाहिले की मागचे पाय पोटातून आल्यासारखे वाटतात, कारण कठीण पंखांनी तो भाग झाकलेला असतो. प्रतिकृती करणाऱ्याने तो उलटा करून पाहिलाच पाहिजे.

खंडोबाच्या किड्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्याच्यावर माझा जीव आहे. त्याचा उंच, मानेसारखा दिसणारा भाग म्हणजे मान नसून वक्षाचा पहिला खंड असतो आणि शिकार पकडणारे पुढचे पाय त्याच्याच वरच्या टोकाजवळून निघतात. या पायाचा शरीराला जोडलेला पहिला सांधा इतर कीटकांमध्ये आखूड असतो, या किड्यात मात्र तो लांबलचक असतो. त्यामुळे त्या पायाला एक घडी जास्त असल्यासारखी दिसते. बहुतेक जण हा भाग विसरतात आणि काटेरी मांडी थेट वक्षाला चिकटवतात. तिथेच त्याचे रूप हरवते. मांडी आणि नडगी अडकित्त्यासारख्या एकमेकींवर मिटतात, दोन्हींना काटे असतात आणि नडगीच्या टोकाला एक आकडा असतो. काट्यांसाठी रंगाच्या ब्रशचे ताठ केस कापून लावल्यास तारेपेक्षा चांगले दिसतात. तो उभा राहतो ते मधल्या आणि मागच्या चार पायांवर. पुढचे पाय जमिनीला न टेकता आवळलेले असतात आणि त्रिकोणी डोके बहुधा शरीराच्या रेषेत नसून कोठेतरी वळलेले असते. डोके सरळ समोर चिकटवू नका. माझ्या मते मेलेपण तिथेच सर्वांत जास्त दिसते.

डोळ्यांतील काळ्या ठिपक्याचेही सांगायला हवे. जिवंत किड्याकडे कोठूनही पाहिले तरी तो ठिपका आपल्याकडेच वळलेला वाटतो. ती बाहुली नव्हे. संयुक्त नेत्रातील जे घटक नेमके आपल्या दिशेने असतात, ते प्रकाश शोषून घेतात, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो आणि आपण हललो की तोही सरकतो. रंगाने काढलेला ठिपका एका जागी थिजून राहतो. मी पारदर्शक रेझिनच्या थेंबात आतल्या बाजूला खोलवर एक गडद गोळी बसवते. त्यामुळे कोन बदलला की ठिपका थोडा सरकल्यासारखा दिसतो. हा उपाय पूर्ण नाही, पण रंगवलेल्या ठिपक्यापेक्षा बराच बरा आहे. त्याचे डोळे रात्री गडद होतात, त्यामुळे आपण दिवसाचा किडा करतो आहोत की रात्रीचा, हे आधी ठरवून घ्यावे.

आपल्या परसात तुळस किंवा तुरीचे झुडूप असेल, तर तेथे हा किडा शोधा आणि एकाच किड्यासमोर निदान अर्धा तास बसा. तो मधूनच वाऱ्यावर हलणाऱ्या पानासारखा डोलतो. छायाचित्रे काढावीतच, परंतु माझा अनुभव असा, की पेन्सिलने घाईघाईत काढलेल्या दहा रेषा छायाचित्रापेक्षा जास्त शिकवतात, कारण काढताना आपल्याला भार कोठे आहे याचा निर्णय घ्यावा लागतो. आपण तर चित्रकलेचेच शिक्षक आहात, तेव्हा हे मी अधिक सांगायला नको.

---

प्रतिसाद २
तुंब्याचा कारागीर (मिरज)

गुरुजी, आपण मिरज तालुक्यातलेच असल्यामुळे लिहावेसे वाटले. मी तंतुवाद्यांच्या कामात आहे आणि सतार व तंबोऱ्याच्या पॉलिशचे काम लहानपणापासून करत आलो आहे. कीटकांविषयी मला फारसे ज्ञान नाही, परंतु चमक आतून येण्याची जी गोष्ट आपण लिहिली आहे, ती आमच्या रोजच्या कामाची आहे.

ॲक्रिलिक वार्निशचा एकच जाड थर वर बसतो, म्हणून तो वेगळा दिसतो. त्याऐवजी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यावी आणि मऊ फडक्याच्या बोळ्याने अगदी पातळ हात द्यावेत. एक हात सुकल्यावर दुसरा, असे दहा-बारा हात झाले की खालचा रंग खोल दिसू लागतो. लाखेला स्वतःचा तांबूस-नारिंगी रंग असतो, तो गेंड्या भुंगेऱ्याच्या काळपट तपकिरी पाठीला शोभून दिसेल. पाठीवरील बारीक खळगे एम-सील ओले असतानाच सुईने टोचून घ्यावेत आणि पॉलिश करताना ते भरून जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. पावसाळी दमट हवेत मात्र हे काम करू नये, कारण लाखेवर पांढुरकी झाक येते आणि मग ती खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते. लाख हीसुद्धा एका कीटकाचीच देणगी आहे. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर राहणारे लाखेचे किडे आपल्या शरीरातून ती स्रवतात. भुंगेऱ्याच्या पाठीवर ती चढावी, हे मला फार योग्य वाटते.

बाभळीवर दिसणाऱ्या हिरव्या-निळ्या चमकीच्या भुंगेऱ्यासाठी मात्र चपडा लाख वापरू नये. तिच्या तांबूसपणामुळे निळा रंग हिरवट आणि मळकट दिसेल.

---

पेन्सिल-तार (मिरज तालुका)

आपणा दोघांचेही मनापासून आभार. ताई, आपला अंदाज खरा आहे. मी व्हरांड्यात मेलेला सापडलेला किडाच समोर ठेवला होता. काल मी त्याचे डोके सोडवून डावीकडे वळवले, पुढच्या पायांतील राहिलेला सांधा नव्याने करून बसवला आणि मागचा एक पाय थोडा उचलला. फरक इतका आहे, की मी स्वतः रात्री उशिरापर्यंत त्याच्याकडे पाहत बसलो. लाखेचा प्रयोग हवा कोरडी झाल्यावर करेन.

पंखांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यात एक नवा प्रश्न वाढला आहे. सातवीतील एका मुलाने मृगाचा किडा केला आहे. रंग सुरेख लाल साधला आहे, पण त्याला सहा पाय असावेत की आठ, यावरून वर्गात वाद झाला.

---

प्रतिसाद ३
निवृत्त कीटकशास्त्र शिक्षक (सांगली)

मृगाच्या किड्याला आठ पाय असतात. नावात किडा असला तरी तो कीटक नव्हे. तो कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या वर्गातील आहे. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर फिरणाऱ्या मखमली प्रौढांना आठ पाय असतात. त्याच प्राण्याच्या अगदी लहान अवस्थेला सहा पाय असतात आणि त्या अवस्थेत तो इतर कीटकांच्या अंगावर चिकटून राहतो. त्यामुळे वर्गातील दोन्ही बाजूंना थोडाथोडा आधार आहे, परंतु लाल मखमली प्रौढ करायचा असेल तर आठच पाय हवेत. मखमलीसाठी लाल लोकर कात्रीने अगदी पिठासारखी बारीक करून ओल्या डिंकावर भुरभुरावी. रंगाने ती मऊ झाक येत नाही.

आता चतुराच्या पंखांकडे वळतो. त्यांत बहुतेक जण जी चूक करतात, ती आकाराची असते. चतुराचे पुढचे आणि मागचे पंख एकसारखे नसतात. मागचा पंख बुडाशी स्पष्टपणे रुंद असतो. पुढचे पंखच दोनदा कापून चारही लावले, तर तो चतुर न राहता टाचणी नावाच्या त्याच्या सडपातळ भाऊबंदाच्या जवळ जातो, कारण टाचणीचे चारही पंख जवळजवळ सारखे असतात आणि ती बसताना ते बहुधा पाठीवर मिटून घेते. चतुर ते पसरूनच बसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या माळांवर पिवळसर चतुरांचे मोठे थवे घिरट्या घालताना दिसतात. ते स्थलांतर करणारे असून हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जाणाऱ्या चतुरांत त्यांची गणना होते. त्यांचा मागचा पंख बुडाशी विशेष रुंद असतो, त्यामुळे त्यांना फारशी फडफड न करता तरंगता येते. हा चतुर करत असाल तर ती रुंदी जरा मोकळ्या हाताने द्या.

दुसरे असे, की पंख सपाट नसतो. त्याचा आडवा छेद घेतला तर तो पन्हाळी पत्र्यासारखा घड्यांचा दिसतो. इतके पातळ पटल ताठ राहते ते या घड्यांमुळेच. आपण फिल्मवर शिरा पेनाने न काढता सुईने कोराव्यात. फिल्मखाली मऊ रबर ठेवून सुईने दाबत रेषा ओढाव्यात, नंतर त्यांवर गडद तपकिरी तैलरंग चोळून फडक्याने पुसून टाकावा. रंग फक्त खाचांमध्ये राहतो. कोरलेल्या पत्र्यावरून छाप घेण्याची पद्धत आपल्याला ठाऊक असेलच, तिचेच हे लहान रूप आहे. मग मुख्य शिरांवर पोलादी पट्टीच्या कडेने हलक्या, एकाआड एक उलटसुलट घड्या पाडाव्यात. पंखाच्या पुढच्या कडेला जाड शिरा एकमेकींजवळून जातात, तेथे आपली ३६ गेजची तार चिकटवावी. त्या कडेच्या साधारण मध्यावर एक खाचेसारखा सांधा असतो आणि टोकाजवळ एक लहान गडद रंगाचा ठिपका असतो. तो ठिपका शोभेसाठी नसतो. पंखाच्या इतर भागापेक्षा तो किंचित जड असतो आणि उडताना पंखाची अनावर थरथर त्यामुळे आटोक्यात राहते. ही दोन ठिकाणे अचूक असली, तर बाकीच्या जाळीत थोडे कमीजास्त झाले तरी पंख खरा वाटतो.

चतुराच्या रंगाबद्दल आपल्या जुन्या पेटीने जे दाखवले ते नेहमीचेच आहे. मेल्यानंतर त्याचे रंग उडतात, म्हणून रंगाची नोंद ओढ्याकाठी जिवंत चतुर पाहूनच करावी. सकाळी ऊन चढण्यापूर्वी जावे. थंडीने जड झालेले चतुर आणि टाचण्या गवताच्या काडीवर बराच वेळ स्थिर असतात.

हिरव्या-निळ्या चमकीच्या भुंगेऱ्याविषयी वर जे लिहिले आहे, त्यात थोडी भर घालतो. ती चमक रंगद्रव्याची नसते. त्याच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे रंग निर्माण होतो. म्हणूनच कोन बदलला की रंग बदलतो आणि म्हणूनच तो मेल्यावरही टिकतो. बाजारात अभ्रकाची मोत्यासारखी झाक असलेली पूड मिळते, तीही पातळ थरांच्या याच तत्त्वावर चमकते. आधी दिलेल्या काळ्या रंगाच्या थरावर ती अगदी विरळ लावावी आणि वर रंगहीन वार्निश द्यावे.

नमुने हवे असतील तर एक सूचना करतो. वळवाचे किंवा मृगाचे पहिले चांगले पाऊस झाले, की ऊसपट्ट्यात हुमणीचे (उसाची मुळे खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात. शेतकरी फांद्या हलवून ते खाली पाडतात आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकतात. मुलांना घेऊन अशा एका संध्याकाळी शेतावर जावे. हवे तेवढे भुंगेरे पकडून मुलांना अभ्यासासाठी द्यावेत. त्यात कोणतेही नुकसान नाही.

---

यवतेश्वर-वाट (सातारा)

सर, आपल्या पंखांच्या पद्धतीबद्दल आभार. मी आजवर तारच वाकवत बसले होते. शेवटच्या सूचनेबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. हुमणीने उसाचे काय होते हे मी माहेरी पाहिलेले आहे आणि शेतकऱ्याने ते भुंगेरे नष्ट करू नयेत असे मी म्हणणार नाही. परंतु गुरुजींनी हे सर्व काम मुलांना मारायला लावू नये याच विचारातून सुरू केले आहे. मुलाच्या हातात बाटली दिली की त्याचे लक्ष पकडण्यात जाते आणि पाहणे मागे पडते. शिवाय सगळीच मुले हुमणी आणि दुसरा भुंगेरा यांतील फरक ओळखतील असे नाही.

कास पठाराविषयीही एक विनंती आहे, कारण पुष्कळ शाळा सप्टेंबरमध्ये तिकडे येतात. पश्चिम घाटातील जी स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झाली, त्यांत कासचा समावेश आहे. कातळावरील मातीचा थर तेथे फार पातळ आहे. एका कीटकाच्या मागे वाट सोडून दहा मुले गेली, तर पायाखाली काय तुडवले गेले हे त्यांना कळणारही नाही. वाटेच्या कडेलाच गुडघे टेकून बसावे. तेथे दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांवर अडकलेले बारीक कीटक दिसतात आणि तेवढे पाहण्यातच मुलांचा तास जातो.

---

निवृत्त कीटकशास्त्र शिक्षक (सांगली)

ताई, आपला आक्षेप मी मान्य करतो. माझी सूचना अशी बदलतो: शेतकऱ्याने गोळा करून आधीच मारलेले भुंगेरे त्याला विचारून घ्यावेत, धुऊन सुकवावेत आणि फक्त मापांसाठी वापरावेत. मुलांनी त्या संध्याकाळी झाडाखाली उभे राहून जिवंत भुंगेरे पाहावेत. हुमणीच्या भुंगेऱ्याच्या मिशीच्या टोकाला पातळ चकत्यांचा एक लहान पंखा असतो. तो कधी मिटलेला आणि कधी उघडलेला असतो, हे मेलेल्या नमुन्यात कळत नाही.

गुरुजी, आपल्याला जवळ दंडोबाचा डोंगर आहे. सागरेश्वर अभयारण्यातही जाता येईल, परंतु तेथून परवानगीशिवाय काहीही उचलू नये, अगदी पडलेले पंखही नाही. काही फुलपाखरे आणि इतर काही कीटक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, हे मुलांना आधीच सांगावे. आणखी एक गोष्ट आपल्या कामासाठी सांगतो. बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आल्फ्रेड केलर नावाचे शिल्पकार १९३० पासून १९५५ मध्ये निधन होईपर्यंत कीटकांच्या अनेक पटींनी मोठ्या केलेल्या प्रतिकृती घडवत होते आणि एका प्रतिकृतीला त्यांना साधारण वर्ष लागत असे. आपले तीन वर्षांत चौदा झाले आहेत. तेव्हा घाई करू नये.

---

पेन्सिल-तार (मिरज तालुका)

आपल्या सर्वांच्या उत्तरांची मी वहीत नक्कल करून ठेवली आहे. मृगाच्या किड्याला आज आणखी दोन पाय लावले; त्या मुलाने ते स्वतः लावले आणि पुढची जोडी किंचित उचललेली ठेवली, कारण मागच्या वर्षी मळ्यात त्याने ती तशीच पाहिली होती. मला ते सुचले नसते.

चतुराचे दोन पंख सुईने कोरून झाले आहेत. पहिल्यात घड्या खोल पडल्या आणि फिल्म एका ठिकाणी फाटली. दुसरा बरा आला आहे, मात्र बुडाशी अजून अरुंद वाटतो. रविवारी पहाटे मुलांना घेऊन ओढ्यावर जाणार आहे. प्रत्येकाकडे वही आणि पेन्सिल असेल. जाळी आणि बाटली घेतलेली नाही. चतुर बसलेला असताना मागच्या पंखाची बुडाशी असलेली रुंदी त्याच्या पोटाच्या किती खंडांएवढी भरते, एवढे एकच माप प्रत्येकाने नजरेने घेऊन यायचे आहे. सोमवारी सर्वांची मापे फळ्यावर लिहू आणि मगच पुढचा पंख कापेन.